हातचा एक

लॉवेलच्या जुन्या गिरणीच्या तळघरात
दर गुरुवारी सहाला दिवे लागतात.
वरच्या मजल्यांवर आता फ्लॅट,
भाडं माझ्या पगाराला न झेपणारं.
खाली मात्र अजून तेलाचा वास, भिंतीत मुरलेला.
पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले होते.
हा वास इचलकरंजीत
बाबांच्या सदऱ्याला यायचा.

हे गाव ज्याच्या नावाचं, त्यानं
इंग्लंडातले माग नुसते डोळ्यांनी उचलून आणले.
आराखडे बाहेर न्यायला बंदी होती,
म्हणून बघून बघून पाठ केले.
चोरी म्हणा. पाठांतर म्हणा.
वन्नारी म्हणते, मी परीक्षेत हेच केलं
तर मला वर्गाबाहेर काढलं.

बाबा जॉबर होते. पायगोंडा मगदूम.
धोटा उडायला लागला, ताण जुळेना,
की मालक घरी माणूस पाठवायचा.
बाबा मागाकडे तोंड करायचे, जगाकडे पाठ.
दहा मिनिटांत माग पुन्हा खडखडायला लागायचा.
काय केलंत, कुणी विचारलंच,
तर हसून पान लावायचे.
हातचं राखून शिकवावं, म्हणायचे,
नाहीतर उद्या आपल्याला बोलावणार कोण?
चूक कसं म्हणू? आमची चूल
त्या राखलेल्यावरच पेटायची.
मी सहा वर्षांची, डबा घेऊन गेलेली,
मागाखालून वाकून बघितलं होतं:
स्प्रिंगच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
बोटभर, दुहेरी घडी.

इथे यादिएल आहे. सात वर्षांचा.
उजव्या तळव्याला जन्मापासून बोटं नाहीत.
त्याच्या हाताचा आराखडा उरुग्वेतल्या कुणीतरी काढून
सगळ्यांसाठी ठेवून दिलाय,
अंगठा ग्दान्स्कच्या एका दंतवैद्यानं सुधारलाय,
आणि आमचा खोकणारा प्रिंटर
रात्रभर थरावर थर चढवत बसतो.
बोटं मिटायची छान. उघडायचीच नाहीत.
दोरी लोळायची मनगटात.
चार गुरुवार गेले. वन्नारीनं तीन दोऱ्या बदलल्या,
एक तर मासे धरायच्या गळाची.
यादिएल काहीच म्हणायचा नाही,
हे जास्त वाईट.

पाचव्या गुरुवारी मी ट्यूबचा तुकडा कापला,
घडी घातली, मनगटात सरकवली.
मागून वन्नारी म्हणाली, काय लपवतेस?
तेव्हा कळलं,
मी पाठ फिरवून उभी होते.

दिवसा ज्या कंपनीत जाते
तिच्या कागदावर माझी सही आहे:
डोक्यात येईल ते सगळं त्यांचं.
पण हे माझ्या डोक्यातलं नव्हतंच.
त्याच रात्री लिहून टाकलं.
माप, घडी, कुठे चिकटवायचं, तीन फोटो.
कल्पना कुणाची, या रकान्यात
पायगोंडा मगदूम, जॉबर, इचलकरंजी.
शेवटचं बटण दाबताना बोट अडलं,
मेलेल्या माणसाचं कपाट
त्याला न विचारता उघडल्यासारखं.

हे ऑगस्टात. डिसेंबरात तांपेरेहून कुणीतरी कळवलं,
आमच्या थंडीत रबर तडकतं,
मी सिलिकॉनची पट्टी घातलीय, बघा.
बघितली. चांगली आहे. आमच्यापेक्षा चांगली.
बाबांचा तुकडा निघाला.
नाव राहिलं, यादीत सतरावं,
पायगोंडाचं पेगोंडा झालेलं.

बेरजेत हातचा एक धरायचो आपण.
हातचा, म्हणून काय हातातच ठेवायचा नसतो,
पुढच्या घरात द्यायचा असतो.
तिसरीतलं गणित.
बाबा दुसरीतून मागावर गेले.

काल यादिएलनं नव्या हातानं
पहिलं काम केलं ते बहिणीची वेणी ओढायचं.
ती किंचाळली, आई धावली,
वन्नारी हातातला चहा सांडून हसत सुटली.
मी फक्त बोटांकडे बघत होते.
त्यानं वेणी सोडली.
अलगद, एकेक बोट उघडत.